छायाचित्रण-सहलीचे ठिकाण कसे निवडावे? एक हिशेबी विचार

(बी. कॉम., चौथे सत्र)

छायाचित्रण हा पूर्वी पैसेवाल्यांचा छंद समजला जाई. छत्तीस चित्रांचा एक रोल विकत घ्यायचा, तो धुवून आणायचा, चित्रे छापून घ्यायची आणि त्यांतली निम्मी वाया गेलेली पाहायची, हे सर्वांना परवडणारे नव्हते. आज जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात मोबाइल आहे आणि एक चित्र अधिक काढण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला आहे. परंतु एक खर्च मात्र अजून शिल्लक आहे. चित्र जिथे आहे तिथे जाण्याचा, तिथे थांबण्याचा आणि परत येण्याचा. म्हणूनच ‘कोणता कॅमेरा घ्यावा?’ यापेक्षा ‘कुठे जावे?’ हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

आमच्या महाविद्यालयातील आम्ही आठ जणांनी एक छोटासा गट केला आहे. पाच मुलगे आणि तीन मुली. निम्म्यांच्या घरी मराठी बोलली जाते, निम्म्यांच्या घरी कन्नड. आठ जणांत मिळून एक खरा कॅमेरा, तोही एकाच्या काकांचा. बाकी सारे मोबाइल. गेल्या वर्षी सहलीचे ठिकाण ठरवायला बसलो तेव्हा पाच मिनिटांत हंपी, बदामी, गोकाक, विजापूर, आंबोली, जुने गोवे आणि हलशी अशी सात नावे पुढे आली. बेळगावचे भाग्य असे, की घाट, पठार आणि समुद्र ही तिन्ही दिशा इथून जवळ आहेत. अडचणही तीच. पर्याय पुष्कळ आणि पैसा थोडा! अर्थशास्त्राची व्याख्या वर्गात शिकवताना सर हेच सांगतात. तेव्हा वाणिज्याचा विद्यार्थी या नात्याने हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडून पाहावा असे मला वाटले. त्यातून जे हाती आले ते इथे देत आहे.

१. मोजमापाचे परिमाण कोणते?

परिव्यय लेखाशास्त्रात पहिला प्रश्न असतो तो नगाचा. साखर कारखान्याचा खर्च क्विंटलमागे काढतात, वाहतुकीचा किलोमीटरमागे. मग छायाचित्रण-सहलीचा खर्च कशामागे काढावा? पाहिलेल्या स्थळांमागे काढला तर धावतपळत दहा स्थळे दाखवणारी सहल सर्वांत स्वस्त ठरेल, पण चित्र एकही धड येणार नाही. म्हणून मी ‘प्रकाशाचा तास’ हे परिमाण धरले.

त्याचे कारण सूर्याच्या चालीत आहे. सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. आपल्या अक्षांशावर उगवल्यापासून दहा अंश वर यायला त्याला सुमारे पाऊण तास लागतो, मावळतानाही तेवढाच. या वेळेत किरण तिरपे पडतात, दगडावरच्या कोरीव कामाचा उठाव दिसतो, चेहऱ्यावरची सावली मऊ असते आणि रंग उबदार दिसतात. त्यानंतरची थोडी मिनिटे धरली तर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास, एवढेच भांडवल निसर्ग आपल्याला रोज देतो. दुपारी चित्रे निघत नाहीत असे नाही; गाभारा, ओसरी, बाजारातील छपराखालची दुकाने यांना दुपार चालते. पण उघड्यावरील शिल्प आणि निसर्गदृश्य यांचा खरा प्रकाश या दोन तासांचाच.

हे एकदा ध्यानात आले की नकाशा वेगळाच दिसू लागतो. बदामी बेळगावपासून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. सकाळी सहाच्या गाडीने निघून त्याच दिवशी परतायचे म्हटले तर आपण तिथे दहाच्या पुढे पोहोचणार आणि चारच्या सुमारास निघणार. सहल झाली, जेवण झाले, पण प्रकाशाचे तास किती मिळाले? शून्य. त्याच बदामीत एक रात्र राहिलो तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळते. म्हणजे मुक्कामाचे पैसे आपण झोपण्यासाठी देत नाही, त्या दोन तासांसाठी देतो.

२. दिशा आणि ऋतू

ठिकाण ठरवण्यापूर्वी तिथली मुख्य वस्तू कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे पाहावे. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर पूर्वाभिमुख आहे. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ राणी लोकमहादेवीने ते आठव्या शतकात बांधविले. त्याच्या दर्शनी भागावर ऊन पडते ते सकाळी. याउलट बदामीच्या अगस्त्य तलावाकाठचे भूतनाथ मंदिर तलावाच्या पूर्व टोकाला असून त्याचे तोंड पाण्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे आहे. त्याची वेळ संध्याकाळची. दोन्ही ठिकाणांत अंतर अवघे बावीस किलोमीटरचे. तेव्हा संध्याकाळ बदामीत आणि सकाळ पट्टदकलला, हा क्रम आपोआप ठरतो. उलट क्रमाने गेलो तर खर्च तोच होईल आणि दोन्ही मंदिरे पाठीमागून उजेड आलेली, काळवंडलेली मिळतील. अर्थात संरक्षित स्मारकाचे फाटक किती वाजता उघडते आणि बंद होते याची चौकशी आधी करावी. नाहीतर प्रकाश आत आणि आपण बाहेर, असे व्हायचे.

दुसरी गोष्ट ऋतूची. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरअखेर मात्र तो दुपारीदेखील सुमारे एक्कावन्न अंशांपेक्षा वर चढत नाही. म्हणून कोरीव दगडासाठी हिवाळा उत्तम. शिवाय त्या दिवसांत सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो, त्यामुळे पहाटेचा प्रवास कमी होतो आणि संध्याकाळचा प्रकाश संपल्यावर फार उशीर न होता घरी येता येते. बाहेरगावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा फायदा लहान नाही.

पावसाळ्यात हे गणित पार बदलते. ढगाळ आकाश म्हणजे एक मोठा पांढरा पडदाच. उजेड दिवसभर सारखा आणि मऊ राहतो. धबधबा, जंगल, ओली पाने, धुके यांना हाच उजेड लागतो. आंबोलीला म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये जावे. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. पण ते पाणी पावसाचे आहे. शिवाय वरच्या अंगाला हिडकलचे धरण असल्याने पाणी किती येणार हे नुसत्या पावसावर अवलंबून नाही, धरणातून सोडलेल्या पाण्यावरही आहे. एप्रिलमध्ये गोकाकला जाणारा मनुष्य खडकाचे चित्र घेऊन येतो. खडकही सुंदर आहे, पण आपण कशासाठी भाडे भरले हे आधी माहीत असावे.

३. आपले साधन आणि तिथली परवानगी

मोबाइलच्या भिंगात बरेचसे रुंद दृश्य मावते, पण दूरची वस्तू जवळ येत नाही. म्हणून ज्यांच्याजवळ मोबाइलच आहे त्यांनी जिथे विषयाच्या जवळ जाता येते असे ठिकाण निवडावे: मंदिर, बाजार, गल्ली, शेत, कारागिराचे दुकान. दूरच्या झाडावरचे पक्षी टिपण्यासाठी लांबचा प्रवास केला तर हाती एक ठिपका येईल. तसेच, भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिवई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते, आणि अंधाऱ्या जागी तिवईवाचून चित्र हलते. १६५६ साली पुरा झालेला विजापूरचा गोल घुमट बाहेरून टिपणे सोपे. आतला अंधार आणि ती प्रचंड उंची मोबाइलने टिपणे अवघड. लष्करी छावणी, धरण अशा ठिकाणी तर फलक वाचल्याशिवाय मोबाइल खिशातून काढूच नये. बेळगावकरांना हे वेगळे सांगायला नको.

४. प्रसिद्धी आणि सीमान्त उपयोगिता

आमच्या गटात सर्वांत जास्त मते हंपीला होती. हंपी भव्य आहे यात शंका नाही. १९८६ साली तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि संरक्षित अवशेषांचा विस्तारच चाळीस चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. पण हाच विस्तार आपला खर्च वाढवतो, कारण दोन दिवसांत तिथे फक्त जे सर्वांनी पाहिले तेच पाहून होते. विठ्ठल मंदिरातील दगडी रथाचे चित्र २०१७ सालापासून पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे. म्हणजे ते चित्र आपल्या खिशात अगोदरच येऊन पडले आहे! घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आपण संत्र्यांच्या उदाहरणाने शिकतो. पहिले संत्रे गोड, पाचवे नकोसे. लाखो लोकांनी एकाच कोनातून काढलेल्या चित्रात आपल्या एकाची भर घातल्याने पाहणाऱ्याला कितीसे अधिक मिळेल?

मला हंपीला जाऊ नये असे म्हणायचे नाही. अभ्यास म्हणून, आनंद म्हणून जरूर जावे. पण ‘तिथे गेलो की चित्रे आपोआप चांगली येतील’ ही अपेक्षा करू नये. प्रसिद्ध ठिकाण आपल्याला विषय देते, दृष्टी देत नाही.

५. प्रत्यक्ष आकडे

आता हिशेब. गणित सोपे व्हावे म्हणून आम्ही गोल आकडे धरले. हे भाड्याचे दरपत्रक नव्हे. हंपी, दोन मुक्काम, माणशी ३००० रुपये, प्रकाशाचे चार तास: तासाला ७५० रुपये. बदामी-पट्टदकल, एक मुक्काम, माणशी १२०० रुपये, दोन तास: तासाला ६०० रुपये. खानापूर तालुक्यातील हलशी, सकाळी उशिरा निघून सूर्यास्तानंतर परत, माणशी ३०० रुपये, एक तास: तासाला ३०० रुपये. बदामीच्या खर्चात हलशी चार वेळा होते, आणि तीही चार निरनिराळ्या महिन्यांत.

या आकड्यांत आणखी दोन बाबी मिळवाव्या लागतात. एक म्हणजे, ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील रहिवासी स्त्रियांना राज्याच्या साध्या बसने राज्यात विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. त्यामुळे आमच्या गटातील मुलींचा बदामीपर्यंतचा बसखर्च शून्य धरता येतो. हीच सहल गोव्याकडे वळवली की तो पुन्हा सुरू होतो. सीमाभागात राहणाऱ्यांनी अंतराबरोबर हद्दही मोजावी ती अशी. दुसरी बाब संधी-खर्चाची. आमच्यातला एक मित्र रविवारी एका दुकानात हिशेब लिहितो आणि त्याला दिवसाचे पाचशे रुपये मिळतात. त्याच्यासाठी ३०० रुपयांची रविवारची सहल खरे तर ८०० रुपयांची होते. म्हणून तारीख ठरवणे हादेखील खर्चाचाच भाग आहे. शनिवारी दुपारी महाविद्यालय सुटल्यावर निघालो, तर त्याचे पाचशे रुपये वाचतात.

६. वहीत न दिसणारा रकाना

इथवरचा हिशेब कुणीही मांडील. परंतु एक रकाना असा आहे की जो विचारल्याशिवाय भरताच येत नाही. कोण येऊ शकणार नाही?

मित्रांच्या घोळक्यात ‘मला परवडत नाही’ असे कुणी सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘त्या दिवशी घरी काम आहे.’ मुलगी म्हणते, ‘माझी तब्येत बरी नसते प्रवासात.’ आपण ते खरे मानतो, आणि ज्यांना शक्य आहे तेवढेच जातात. परत आल्यावर गटाचे दोन गट झालेले असतात. हे टाळण्यासाठी आम्ही एक साधी युक्ती केली. आठ सारख्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाने नाव न लिहिता दोनच गोष्टी लिहायच्या: ‘मी जास्तीत जास्त किती रुपये देऊ शकतो’ आणि ‘रात्रीचा मुक्काम शक्य आहे की नाही’. चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि एकाने वाचून दाखवल्या.

तीन हजार रुपये तिघेच देऊ शकत होते. बाराशे पाच जण. तीनशे मात्र सर्व आठ. मुक्कामाला दोन चिठ्ठ्यांवर ‘नाही’ होते. वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. तोपर्यंत हंपी जवळजवळ ठरल्यात जमा होती, आणि आमच्यापैकी पाच जण काहीतरी कारण शोधण्याच्या तयारीत होते हे त्या चिठ्ठ्यांनी सांगितले. मग मते पुन्हा घ्यावी लागली नाहीत. हलशी ठरली, एकदा नव्हे, तीनदा.

७. हलशीला काय मिळाले?

हलशी म्हणजे जुनी पलाशिका. बनवासीच्या कदंबांचे हे दुसरे राजधानीचे ठिकाण. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळात इथे भूवराह नरसिंह मंदिर उभे राहिले. मंदिरात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. आम्ही खानापूरपर्यंत बसने आणि पुढे वडापने गेलो. येतानासाठी एकच गाडी आठ जणांत ठरवून ठेवली होती, कारण सूर्यास्तापर्यंत थांबायचे तर शेवटच्या बसवर विसंबून चालत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या खेपेस आठही जणांनी जवळजवळ एकच चित्र काढले, शिखर आणि त्यामागचे आकाश. जानेवारीत ऊन कोणत्या भिंतीवर किती वाजता येते हे आम्हाला ठाऊक होते. कुणी पायऱ्यांवर बसला, कुणी पुजाऱ्यांना विचारून आत गेला. जुलैत दगड शेवाळाने हिरवे-काळे झाले होते आणि उन्हाचा पत्ता नव्हता. त्या दिवशी आम्ही मंदिराऐवजी गावाकडे वळलो. तोवर गावातली माणसे ओळखू लागली होती. एका घरी सासूबाई मराठीत बोलत होत्या आणि सूनबाई कन्नडमध्ये उत्तर देत होत्या. आमच्यातल्या एकीने विचारले, ‘आजी, फोटो काढू का?’ दुसऱ्याने सूनबाईंना विचारले, ‘फोटो तेगेयबहुदा री?’ दोघी हसल्या आणि दारात उभ्या राहिल्या. त्या चित्राच्या प्रती छापून आम्ही त्यांना पोहोचत्या केल्या. चाळीस रुपये लागले. ते पुढील सहलीच्या स्थिर खर्चात कायमचे धरले आहेत.

इथे मला भाषेचा मुद्दा मांडावासा वाटतो. आपल्या महाविद्यालयाच्या या वार्षिकाचे दोन विभाग आहेत, मराठी आणि कन्नड. पुष्कळदा आपण आपलाच विभाग वाचतो. पण छायाचित्रकाराच्या दृष्टीने दोन्ही भाषा येणे हे असे भांडवल आहे की जे विकत घ्यावे लागत नाही आणि वापरल्याने झिजत नाही. माणसाचे चित्र काढण्यापूर्वी त्याच्याशी चार शब्द बोलावे लागतात. आजी आणि अज्जी यांत अंतर ते केवढे? जिथे आपल्याला बोलता येते ते ठिकाण, जिथे नुसते पाहता येते त्यापेक्षा, चित्रासाठी नेहमीच अधिक सोपे जाते. लहान मुलांची चित्रे मात्र त्यांच्या आईवडिलांना विचारूनच काढावीत, भाषा कोणतीही असो.

८. सारांश

ज्यांना यंदा अशी सहल काढायची आहे त्यांनी एका कागदावर सहा रकाने आखावेत. पहिल्यात ठिकाण. दुसऱ्यात तिथे प्रत्यक्ष मिळणारे प्रकाशाचे तास. तिसऱ्यात ऋतू आणि वास्तूचे तोंड. चौथ्यात आपल्या साधनाने तिथे काय टिपता येईल आणि कशाला परवानगी लागेल. पाचव्यात माणशी खर्च, बुडणाऱ्या रोजीसह. आणि सहाव्यात, किती जण येऊ शकतील. पहिले पाच रकाने नकाशा आणि वेळापत्रक पाहून भरता येतात. सहावा भरायला चिठ्ठ्या लागतात. दोन ठिकाणे सारखीच वाटली तर जिथे पुन्हा जाता येईल ते निवडावे. ढग आले तर दूरची सहल वाया जाते, जवळची फक्त लांबणीवर पडते.

आमच्या गटातील काही जण अजून हंपीचे नाव घेतात, आणि त्यांचे चुकत नाही. त्यासाठी आम्ही दरमहा माणशी पन्नास रुपये बाजूला टाकू लागलो आहोत. पुरेसे जमले की आठही जण जाऊ. दगडी रथ काही कुठे जाणार नाही. पण पदवी हाती पडल्यावर आठ जण आठ दिशांना जाणार आहेत. म्हणून सध्या, जिथे आठही जणांना उभे राहता येईल तेच ठिकाण आम्ही जवळचे मानतो.